नदीची ओढ लागलेलं रक्त

आमच्या आत्रातो नदीकाठी प्रत्येकाचं एक झाड असतं. मूल झालं की वार आणि नाळ खड्ड्यात ठेवायची, वर बी पेरायचं. त्या झाडाला त्या मुलाची नाळच म्हणतात, आणि जिथे नाळ तिकडेच माणसाचा जीव ओढतो. "माझी नाळ यंदा काय लगडलीय!" असं बायका सहज बोलून जातात. माझी नाळ चोंतादुरोची, ताडासारखी उंच, नारिंगी फळांची. चार वर्षं झाली, तिचं फळ माझ्या तोंडात पडलेलं नाही.

दाइरोला, माझ्या थोरल्याला, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. कळा सुरू झाल्या की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो, रडतही नाही. गावापासून दवाखाना होडीने दिवसभराच्या वाटेवर, म्हणून आम्ही इथे काली शहरात अडकलो. मी दुसऱ्यांदा गरोदर राहिले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवू. जुळलं, तर दाइरोला त्यानेच बरं करता येईल. पण जुळेलच असं नाही हं." मी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. मला होडीचा आवाज ऐकू येत होता. दाइरो बरा झाला, की घरी.

बाळंतपणाला आई आली ती डब्यात कोंब फुटलेला चोंतादुरो घेऊनच. लुसेली जन्मली, नर्स नाळेतलं रक्त पिशवीत भरू लागली, तशी आई कडाडली, "अगं बाई, सगळं ओढून घेतलंस तर आम्ही पेरायचं काय? वाळकी दोरी?"

"आजी, बाळाचं नाही घेत. नाळेत उरलंय तेच."

"उरलेलं झाडाचं असतं!"

वार काही दवाखान्याने दिली नाही. पुढे लुसेलीच्या बेंबीवरचा वाळका तुकडा गळला, तो आईने कापसात गुंडाळून चोळीत खोचला.

"आणि ते रक्त कुठंय म्हणालीस?"

"तिकडे डोंगरातल्या थंड बोगोतात. बर्फाहून गार टाकीत."

"मेलं! मग ही पोर गारठ्याकडेच ओढली जाणार. बोगोताचा जावई आणेल बघ, स्वेटर घालून जेवणारा."

मी हसले तर टाके ओढले गेले.

दाइरो ऐकत होता. "आजी, माझी नाळ कुठंय?"

आई लुसेलीचं दुपटं सारखं करू लागली. दाइरो जन्मताना अडला होता, म्हणून किब्दो शहरातल्या मोठ्या दवाखान्यात झाला. तिथून हातात फक्त तो मिळाला होता.

पंधरवड्याने फोन आला. जुळलं नव्हतं. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या लेकराला जुळू शकतं, तुम्ही देता का? सांगते म्हटलं आणि धुतलेलेच लंगोट पुन्हा धुवायला बसले.

आई मागे येऊन उभी राहिली. "रड गं. पण त्याला टाकीत डांबून का ठेवतेस?"

"ते जुळलं असतं तर मी घरी आले असते, आई."

ती शेजारी बसली. मग माझ्या हातातला लंगोट काढून घेऊन पिळू लागली. "बी आपल्या अंगणात रुजलं नाही, तर आपण ते मुठीत धरून बसतो का? दुसऱ्याच्या अंगणात टाकतो."

मी फोन केला. देते म्हणाले.

आई निघाली त्या सकाळी दाइरोने तिच्यापुढे मूठ उघडली. आत त्याचा पडलेला दुधाचा दात. "माझी नाळ नाही ना, मग हा पेर."

आईने दात त्याच कापसात ठेवला. "दोघांचं झाड एकच होणार. फळांवरून भांडलात तर बघा!" डबा मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली, आणि आमच्याकडून मान वळवून थेट समोर बघत राहिली. तिला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही.

आता लुसेली छातीशी झोपलीय, दाइरोच्या कळा आज नाहीत. मनात येतं, ते रक्त कधीतरी कुणा अनोळखी लेकराच्या अंगात जाईल. ते बरं होईल, खेळायला लागेल. आणि एखाद्या संध्याकाळी, कधी न पाहिलेल्या नदीसाठी त्याचा जीव उगाच कासावीस होईल. त्याची आई विचारेल, काय होतंय रे? त्याला सांगता यायचं नाही.

मला विचारलं, तर मी सांगेन.