हार कोणाला घातला?

"नागपूरले असं चित्र आजवर कोणी काढलं नाही," धर्मेंद्र बायकोला म्हणाला. "पाहणारा जागच्या जागी हादरला नाही, तर ब्रश सोडून कळमन्याच्या बाजारात संत्री विकीन."

"खाली दोन ओळी लिही ना पण," कामिनी म्हणाली. "लोकायले समजाले नको?"

"कलेले शब्द लागत नाही वं."

चित्रात चेहरा एकच, पण माणसं दोन. डावी बाजू आबाजींची, म्हणजे बापाच्या बापाची. पारशिवनीचे रुपराव: टोपी, झुपकेदार मिशी. उजवी बाजू नानाजींची, म्हणजे आईच्या बापाची. उमरेडचे धम्मानंद: चष्मा, गुळगुळीत गाल. एक घर हिंदू शेतकऱ्याचं, दुसरं बौद्ध विणकराचं. पोरांनी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हापासून या व्याह्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. धर्मेंद्रनं ती तोंडं नाकावर जोडून टाकली. आता प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दोघं एका छताखाली यावेत, एवढंच त्याला पाहिजे होतं. नाहीतर त्या चित्राला तरी काय अर्थ!

हॉलमध्ये चित्र टांगल्यावर त्याला अजून एक सुचलं. अर्धा झेंडू आबाजींच्या वावरातला, अर्ध्या पांढऱ्या सुताच्या लडी नानाजींच्या मागावरच्या. दोन्हींचा घसघशीत हार केला, फ्रेमला घातला, फोटो काढला अन् दोन्ही घरांच्या वेगवेगळ्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त, "आज चार वाजता. सगळ्यांनी यावं." मग फोन सायलेंट करून पठ्ठ्या हॉल झाडायला लागला.

आता फोटोला हार घातलेला म्हातारा आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागतो का?

पारशिवनीत रुपराव स्वतः खाटेवर बसून चहा पीत होते. म्हणजे गेले ते उमरेडचे! उमरेडला धम्मानंद स्वतः दाढी करत होते. म्हणजे गेले ते पारशिवनीचे! हिशोब दोन्हीकडे चोख.

चारच्या आधीच रुपराव दुपट्ट्यात तोंड खुपसून आत शिरले, मागे सुना. धर्मेंद्र हरखला. आबाजी थेट चित्रासमोर गेले अन् मटकन खाली बसले.

"भेटाचं राहून गेलं गा व्याही! बाजारात तुमी हात जोडले होते, मीच मान फिरवली. मले माफ करा!"

 कला एवढी लागू पडते हे धर्मेंद्रलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात मेणबत्त्यांचा पुडा घेऊन धम्मानंद आपल्या माणसांसकट दारात आले. ज्यांच्यासाठी मेणबत्त्या आणल्या तेच समोर बसून रडून राहिले, हे पाहून पुडा हातातून सुटला.

"व्याही... तुमी गेले नाही?"

रुपराव गर्रकन वळले. टोपीच पडली. "मी काहून जाऊ? गेले तर तुमी ना!"

"मी तर आत्ता बसनं आलो!"

 मग रुपराव उठले, धम्मानंदांचा दंड दाबून पाहिला, गालाला हात लावला. खात्री पटली तसे दोघं मिळून धर्मेंद्रकडे वळले.

"जित्त्या माणसाले हार घालते काय बे?"

"आबाजी, ते प्रतीक आहे. वावर अन् माग..."

"अन् हे नाक कोणाचं?" धम्मानंदांनी विचारलं.

"अर्धं-अर्धं, नानाजी."

"माह्यं असं नाही."

"माह्यं बी नाही," रुपराव म्हणाले. एवढ्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

हार उतरवला. पण झेंडू घरचा, सूत घरचं, फेकायचं कसं? शेजारीच 'चित्रकाराचा परिचय' असा बोर्ड होता, त्यावर धर्मेंद्रचा कॉलेजातला हसरा फोटो. रुपरावांनी हार तिथं अडकवला. "चला व्याही, चहा घेऊ," म्हणत धम्मानंदांचा हात धरून बाहेर पडले. दोन्ही घरं मागोमाग. जाता जाता एका सुनेनं मेणबत्त्यांचा पुडा उचलून त्याच फोटोखाली ठेवला.

धर्मेंद्र डोळे पुसत खुर्च्या आणायला मागच्या खोलीत गेला. परत येतो तर हॉलमध्ये बाकीचे लोक जमलेले अन् उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे त्याच्या फोटोखाली मेणबत्ती लावून राहिलेले. त्यांचं अन् धर्मेंद्रचं आजवर फक्त फोनवर बोलणं झालं होतं.

"काय वय होतं हो!" पाहुणे म्हणाले अन् दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली.

धर्मेंद्रनं तोंड उघडलं, तर पाहुण्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

धर्मेंद्र मागच्या रांगेत मान खाली घालून दोन मिनिटं उभा राहिला.