दोन नंबरचं बोट

कॉर्डच्या आकृत्यांतला एकेक ठिपका एका तारेनं सरकवला, की सरांचं अख्खं पुस्तक बेसूर. तनुजाचा माऊस पहिल्या ठिपक्यावर येऊन थांबला होता.

शेजारच्या खुर्चीत शरदचंद्र सर चहा पीत होते. लातूरच्या ट्यूशनवाल्या भागात त्यांचा गिटारचा क्लास. फिजिक्स-केमिस्ट्रीत पिळून निघालेली पोरं संध्याकाळी तिथं तासभर माणसात यायची. आता सरांचं पुस्तक निघत होतं, ‘शरदचंद्र पद्धत’. तनुजा ज्या डीटीपी सेंटरात क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची, नेमकं तिथंच ते आलं.

पद्धत तिची होती. भूकंपात, सात वर्षांची असताना, तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट दगडाखाली गेलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी दिलेली गिटार तिनं उरलेल्या बोटांवर बसवली, एकेक कॉर्ड नव्यानं हुडकत. सरांच्या क्लासात चार वर्षं लहान हातांच्या पोरांना तिनं तेच शिकवलं. बाळंतपणाला गेली तेव्हा वही तिथंच राहिली. परत आली तर तिच्या जागी दुसरी. आज त्याच वहीची झेरॉक्स कीबोर्डशेजारी पडली होती.

सॉफ्टवेअरमधल्या तयार आकृत्या इथं कामाच्या नव्हत्या. प्रत्येक कॉर्डची चौकट वेगळी आखायची, ठिपके ठेवायचे, कोणतं बोट त्याचा आकडा घालायचा. तर्जनीला एक, मधल्याला दोन, असे. मग नाव देऊन सेव्ह. अशा चौसष्ट.

“सर, आत कुठंतरी माझं नाव टाकते. एक ओळ,” ती म्हणाली.

सर हसले. “अगं, ठिपका कुणाच्या बोटाचा हाय, ते पुस्तकात लिहीत नसतेत.”

तिचा माऊस पुन्हा ठिपक्यावर गेला. ठिपका मात्र तिनं हलवला नाही. चुकीची कॉर्ड दाबून कुठल्या तरी होस्टेलातलं पोर स्वतःच्याच हाताला बोल लावत बसलं असतं. तिचं वैर त्याच्याशी नव्हतं.

वहीत बोटांचे आकडे नव्हतेच. स्वतःपुरतं कोण लिहितं? सरांना विचारलं, तर “टाक की नेहमीचे” म्हणाले आणि मुखपृष्ठावरचा फोटो मोठा करायला सांगून उठले. तिनं टाकले. तिच्या हाताला नेहमीचे होते ते. एक, तीन, चार. चौसष्ट आकृत्यांत दोन एकदाही आला नाही. सरांनी प्रूफ फोटोपुरतंच बघितलं.

प्रकाशनाला हॉल भरला होता. तनुजा मागच्या रांगेत, मांडीवर झोपलेली लेक. टाळ्या ओसरल्यावर मृण्मयी नावाची अकरावीतली मुलगी पुस्तक उघडं धरून उभी राहिली.

“सर, मघापासून बघायलेय. दोन नंबरचं बोट कुठंच न्हाई. तुम्ही मधलं बोट का वापरत न्हाई?”

छपाईची चूक असेल, सर म्हणाले. मग पुस्तकातल्यासारखं वाजवून दाखवा, म्हणाली ती, अगदी भाबडेपणानं. सरांनी गिटार घेतली. बोटं तारांवर गेली, अडखळली, पुन्हा गेली. सगळा हॉल त्यांच्या धडधाकट डाव्या हाताकडं बघत होता. तनुजाच्या हाताखाली शिकलेली दोघं-तिघं मागं वळली.

सरांनाही ती दिसली. “तनुजा,” ते माईकमधून म्हणाले, “जरा सांग की ह्यांना.”

“पुस्तक तुमचं हाय, सर,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “तुम्हीच सांगा.”

लेक चुळबुळली. तनुजानं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू थोपटत राहिली.