गिरणेकाठचा दोस्त

जळगावच्या फोटो स्टुडिओत लागून वर्ष झालं, तेव्हा शिंदखेड्याहून आईचं कार्ड आलं, "भटू, तठे तुनासंगे कोन शे? फोटू धाड."

माझ्यासंगे कोणीच नव्हतं. रविवारी भडगावला गेलो, गिरणेच्या काठी दगडावर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन नदीकडे तोंड करून उभा राहिलो. शेजारी बाभळीचं खोड होतं.

डार्करूममध्ये कागदाला आठ सेकंद उजेड दिला, तर खोड खोडच दिसलं, सालीसकट. बारा सेकंदांना त्याला खांदे आले. मग जास्त कॉन्ट्रास्टचा कागद घेऊन सोळा सेकंद दिले. आभाळ काळवंडलं, नदीची चमक गेली, पण साल नाहीशी होऊन माझ्याशेजारी धडधाकट माणूस उभा राहिला. तोच फोटो धाडला.

आईचं उत्तर आलं, "दोन्ही काया कुट्ट शेतस. यामा तू कोन्ता? जो दुसरा शे, त्याले बी दिवाईले लई ये."

मी कळवलं, त्याचं नाव धनसिंग, त्याला सुट्टी मिळत नाही.

मला चार दिवसांची सुट्टी होती. पण त्याला एकट्याला सोडून कसा जाणार?