दोन बाजूंचा फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे. आज अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून उभा आहे. मित्रांनो, या स्थितीबद्दल माझी तक्रार नाही; तक्रार आहे ती माझ्या मुकेपणाची.

ऐन उमेदीत मी संगणकप्रणाली घडवणाऱ्या एका कचेरीत होतो. तेथे एका रुग्णालयासाठी प्रणाली तयार होत होती. माझ्या मधोमध एक उभी रेघ होती. डावी बाजू ताईंची. माहितीची रचना हे त्यांचे काम. काय लक्षात ठेवायचे आणि ते कोणत्या तक्त्यात, हे त्या ठरवीत. उजवी बाजू भाऊंची. ते रुग्ण, डॉक्टर, औषध अशा एकेका घटकाची चौकट आखीत आणि त्या घटकाला काय ठाऊक असावे, त्याने काय करावे, हे तिच्यात लिहीत. घराला पाया आणि राहणारी माणसे दोन्ही लागतात, तशा या दोन्ही पद्धती आवश्यक होत्या. वाद होता तो थोरलेपणाचा.

"भाऊ, वीज गेली की तुमच्या चौकटी सगळं विसरणार. जपून ठेवणार ते माझेच तक्ते!"

"आणि ते तक्ते, ताई, ढिम्म बसून राहणार. हलायला माझ्याच चौकटी हव्यात!"

सारे हसत. मात्र दुसऱ्याच्या बाजूत डोकवायचे नाही, असा तेथला शिरस्ता होता. आणि त्याला सौजन्य म्हणत.

'न सोसणारी औषधे' ही नोंद भाऊंनी 'रुग्ण' या चौकटीत लिहिली. कारण ती माणसाला जन्मभर चिकटलेली असते. ताईंनी तीच नोंद 'भेट' या तक्त्यात लिहिली. कारण डॉक्टर प्रत्येक भेटीत ते विचारतात. दोघांचेही म्हणणे सयुक्तिक होते. पुढे दोन्ही भाग जोडल्यावर प्रणाली केवळ शेवटच्या भेटीची नोंद वाचू लागली. हा विसंवाद सहा महिने माझ्याच अंगावर होता, आणि मला वाचा नव्हती.

एका दुपारी रुग्णालयातील परिचारिका दोन कागद घेऊन आल्या.

"न सोसणारं औषध पहिल्या भेटीत मी स्वतः नोंदवलं होतं. दुसऱ्या भेटीत रकाना कोरा राहिला, आणि पडद्यावर आलं, कुठलंही औषध चालेल. नेमकं तेच औषध दिलं गेलं. तो रुग्ण म्हणजे माझे वडील आहेत हो! घड्याळं दुरुस्त करायचे. जीव वाचला, पण आता हातात चमचासुद्धा धरवत नाही."

ताई आणि भाऊ एकदमच माझ्याकडे वळले.

"मी तुमची बाजू कधी वाचलीच नाही, ताई."

"मी तरी तुमची कुठे वाचली?"

नोंद रुग्णाच्या तक्त्यात हलवायला तासभर पुरला. त्यानंतर त्या दोघांनी माझ्यावर एक अक्षरही लिहिले नाही.

मित्रांनो, फळ्याची निगा तुम्ही राखालच. परंतु दोघांनी मिळून काम कराल तेव्हा सोबत्याचा भागही वाचा, आणि खुशाल विचारा, "हे इथे का लिहिलंस?" त्याला राग येईल, येऊ द्या. त्या दोघांपैकी एकाने जरी एवढे विचारले असते, तरी त्या परिचारिकेच्या वडिलांच्या मेजावर आज दुरुस्तीला आलेले एखादे उघडे घड्याळ असते.