आईच्या गावावरचं आभाळ

पेइचिंगच्या भूकंप कार्यालयात लुओ यिंगचुन उपग्रहाकडून येणारी मोजमापं वाचायची. भूकंपाआधी वातावरणाच्या वरच्या थरातल्या विजेत काही बिघाड दिसतो का, एवढंच पाहणं तिचं काम. मार्चमध्ये उपग्रह सिचुआनमधल्या तिच्या गावावरून पाच वेळा गेला आणि पाचही वेळा आलेख चढला. सूर्य शांत होता, म्हणजे हा चढ सौरवादळाचा नव्हता. तिने साहेबांना दाखवलं.

फान साहेब हसले. "असे चढ महिन्यातून दहा वेळा दिसतात बाई. बाहेर बोललीस तर तू घरी बसशील, आणि मीही."

तिने तरी भावाला, छांगगनला, फोन केला. "दादा, आईला घेऊन काही दिवस घराबाहेर राहा."

छांगगनने अक्रोडाच्या बागेत ताडपत्री बांधली. आठ दिवस रिमझिम पाऊस, जमिनीत ओल. शेजारी येऊन विचारायचे, "काय रे, तुझी बहीण वरून जमिनीचं पोट बघते म्हणे? मुलगा की मुलगी?" जमीन काही हलली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला मात्र न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

अंत्यविधीला यिंगचुन पोचली, तेव्हा भावाने सगळ्यांसमोर तिच्या हातातल्या उदबत्त्या काढून घेतल्या. "आईला तू मारलंस. आता फोन करू नकोस. या घरात कुणी तुझा फोन उचलणार नाही."

ती परत आली. आई गेल्याच्या चौथ्या दिवशी आलेख पुन्हा चढला, आधीपेक्षा जास्त. तिने भावाचा नंबर लावला, पण घंटा वाजायच्या आत कापला. पुन्हा खोटं ठरलं तर? दोन दिवस ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. फान साहेबांनाही तिने काही सांगितलं नाही.

आईच्या सातव्या दिवसाचं जेवण होतं. छांगगन, वहिनी, दोन्ही भाच्या, सारे आत गोल मेजाभोवती बसले होते. भर दुपारी जमीन हलली आणि छप्पर खाली आलं. चौघांतलं कुणीच वाचलं नाही.

महिन्याभराने साहेबांनी तिच्या टेबलावर त्या चढलेल्या आलेखांचे कागद ठेवले. "उत्तम उदाहरण आहे. शोधनिबंध होईल. दुसरं नाव तुझं घालतो."

यिंगचुनने त्यातला नकाशा जवळ ओढला. तिचं गाव दाखवणारा लाल ठिपका नदीच्या पलीकडे पडला होता.

"घर अलीकडे आहे, साहेब," ती म्हणाली, आणि पेन्सिलीने ठिपका सरकवला.