न जळणारा धागा आणि जळणारं वांगं

कवठे महांकाळजवळच्या एका गावात बाजाराच्या दिवशी देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध गॅसची शेगडी भडकली होती आणि धुनीबाबा चिमट्यात धरलेला एक काळा, चमकदार धागा ज्वाळेत फिरवत होते. धागा लालबुंद झाला. बाहेर काढला, तर पुन्हा काळाच्या काळा! ना जळला, ना वितळला.

"बालकांनो, ही माझ्या गुरूंची जटा! ज्याच्या मनगटावर ही, त्याला अग्नी शिवायचा नाही!"

गर्दीनं हात जोडले. त्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतले डॉक्टर उदयसिंहही होते. बनुआत्याला भेटायला आले होते. शिकलेला माणूस किती नम्र असतो ते गावाला दिसावं, म्हणून त्यांनी मान जरा जास्तच वाकवली.

गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणारा गुंडा नावाचा गडी पुढं झाला. बाबांनी त्याच्या मनगटाला धागा गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. "गाठ मारायची नाही! जटेला गाठ म्हणजे पाप!"

"आता उद्यापास्नं इस्तवात हात घालूनच लाकडं सारतो," गुंडा छाती फुगवून म्हणाला.

बनुआत्यानं भाच्याला कोपर मारलं. "उदय, तुमच्या हापिसात असलं काय असतंय का रं?"

"अगं आत्या, आम्ही न जळणारा धागाच तर बनवतो."

"मग हात कशापायी जोडलास?"

उदयसिंहांना बाबांचं 'गाठ मारायची नाही' आठवलं. 'गाठ मारू नका, तुटेल' हे वाक्य ते प्रत्येक नव्या सहकाऱ्याला गेली अकरा वर्षं ऐकवत होते!

ते तरातरा पुढं गेले. गुंडाच्या हातावरचा धागा सोडवून त्यांनी शेजारच्या भाजीवालीच्या पाटीतलं एक वांगं उचललं, धागा त्याला गुंडाळला आणि वांगं शेगडीवर धरलं.

"भस्म होशील, नास्तिका!" बाबा ओरडले.

भस्म कुणीच झालं नाही. वांगं मात्र भरताला आलं. धागा शाबूत, त्याच्याखालची साल कोळसा!

"गुंडा, हे तुझं मनगट असतं," उदयसिंह म्हणाले. मग धागा थंड करून त्यांनी गाठ आवळली. कट्कन तुटला. "जटा कसली! सिलिकॉन असलेलं प्लास्टिकसारखं रसायन वितळवून शेवयांसारखे धागे ओढतात. ते पक्के करून, हवा लागू न देता भट्टीत तापवतात. वायू निघून जातात, मागं सिरॅमिक उरतं. जे जायचं ते भट्टीतच गेलंय, आता शेगडीत काय जळणार? विमानाच्या इंजिनासाठी बनवतात हा. तो स्वतः तगतो, पण आपल्याला वाचवत नाही."

बाबांची झोळी तपासली, तर आत कुठल्याशा कारखान्याचं टाकाऊ रीळ निघालं. लेबलसकट!

गुंडा मनगट चोळत राहिला. "दादा, एवढं ठावं हुतं, तर आधी का न्हाई बोलला?"

"सगळे हात जोडत होते रं," उदयसिंह ओशाळून म्हणाले. "माझेही जोडले गेले. डोकं मागाहून आलं."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. आणि शेजारी एखादा डॉक्टरेटवाला डोळे मिटून उभा असेल, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारा.