मूठभर मका

“आजी, जरा हळू चाल ना,” नेलिदा मागून म्हणाली.

“तुझे पाय माझ्याहून तरुण आहेत. उचल की,” ओब्दुलिया वळूनही न बघता म्हणाली.

मी कोयत्यानं काटेरी वाट मोकळी करत पुढे होतो. ओब्दुलिया माझी शेजारीण. नेलिदा तिच्या भावाची, शेनारोची नात. शेनारो अर्जेंटिनाला गेला आणि तिथेच वारला. त्याची पाणचक्की बघायला ही पोर एवढा समुद्र ओलांडून आली होती.

स्पेनच्या या कोपऱ्यात, आमच्या गलिसियात, पाणचक्की एकट्याची नसते. घराघरांत दळणाचे वार वाटलेले असतात, आणि शेत सोडतील पण वार सोडणार नाहीत अशी आमची माणसं. आईबापांमागे गुरुवार या दोघा बहीणभावांना आला. दिवस ओब्दुलियाचा, रात्र शेनारोची. रात्र पदरात पडली म्हणून तो तिला चारचौघांत टाकून बोलला.

दळून निघताना जात्याच्या तोंडात मूठभर मका सोडायचा, म्हणजे पुढच्याचं जातं कोरडं फिरत नाही, ही आमची रीत. हाडवैरीही ती पाळतात. त्यानंतरच्या गुरुवारी ओब्दुलियानं दळून झाल्यावर जातं झाडून स्वच्छ केलं. रात्री शेनारोनं अंधारात पाणी सोडलं आणि दगडानं दगड खाल्ला. त्याच्या पोरांनी कचकच लागणारी भाकरी खाल्ली. तो चकार शब्द बोलला नाही. पुढे बोटीत बसून निघून गेला.

हे आज नेलिदाला सांगून माफी मागायची, असं ओब्दुलिया मला सकाळीच म्हणाली होती.

चक्कीला छप्पर उरलं नव्हतं. पाट कोरडा होता. जात्यावर शेवाळ चढलं होतं. नेलिदानं त्यावर हात ठेवला.

“आजोबा नेहमी सांगायचे, बहिणीशी भांडलो, पण तिनं माझ्यासाठी दगड कधी रिकामा ठेवला नाही.”

मला ओब्दुलियाचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मागायची राहिलेली माफी, आणि आता ती मागायला कोणी नाही. शेनारोनं ती आधीच देऊन टाकली होती, तीही तिला न कळवता.

मग ओब्दुलियानं एप्रनच्या खिशातून घरून आणलेला मूठभर मका काढला, जात्याच्या तोंडात सोडला आणि बोटांनी नीट आत सारला.

“चल,” ती नेलिदाला म्हणाली. “गुरुवारची रात्र तुमची आहे.”